कपाळावरचा आकडा

“मॅडम, बोटाला 98 आणि कपाळाला फक्त 67? डोक्यापर्यंत ऑक्सिजन पोचत नाहीये का?”

आयसीयूच्या काचेच्या दाराशी उभ्या असलेल्या एका बापाचा हा प्रश्न. मुलगी अडीच वर्षांची, हृदयातलं भोक आदल्या दिवशी बंद केलेलं. वडील माणगावच्या बाजूचे, टेम्पो चालवणारे. मॉनिटरकडे बघून घाबरायचं असतं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, पण आकडा वाचायला 2020 सालानं शिकवलं होतं. त्या वर्षी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई दारोदार ऑक्सिमीटर घेऊन फिरल्या आणि महाराष्ट्रातल्या वाडीवस्तीवर एक गोष्ट पक्की झाली: 95 च्या खाली गेलं की धोका. त्या हिशोबानं 67 म्हणजे हातचं मूल गेलंच. रात्रभर हा माणूस त्या आकड्याकडे बघत उभा होता, आणि विचारायचं कोणाला, हे त्याला सकाळपर्यंत कळलं नव्हतं.

मी त्यांना म्हटलं, “दादा, बाजाराला जाताना खिशात किती पैसे होते ते बोट सांगतं. बाजार करून परतताना खिशात किती उरले ते कपाळ सांगतं.” त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरताना मला दिसलं. रक्त हृदयातून निघतं तेव्हा ऑक्सिजननं भरलेलं असतं. मेंदू त्यातला आपला वाटा काढून घेतो आणि उरलेलं रक्त माघारी येतं. कपाळावर चिकटवलेली पट्टी प्रामुख्यानं या माघारी येणाऱ्या रक्ताकडे बघत असते. म्हणून निरोगी माणसाचा तिथला आकडा साधारण 60 ते 80 च्या दरम्यान असतो. 67 हा उत्तम आकडा होता.

या आकड्याबद्दलची ही पुस्तिका त्या रात्रीसाठी लिहिली आहे, असं मी समजते. माझ्या सहकाऱ्यांनी ती ऑपरेशन थिएटर म्हणजे ओटीतल्या परिचारिका, भूल विभागातले तंत्रज्ञ आणि परफ्युजनचं, म्हणजे हार्ट-लंग मशिन चालवण्याचं, शिक्षण घेणारी मुलं यांच्यासाठी तयार केली. हातानं काम मराठीत करायचं आणि पुस्तक मात्र परक्या भाषेतलं पाठ करायचं, अशी त्यांची वर्षानुवर्षं ओढाताण चालली आहे. पण मला वाटतं, पहिली दोन प्रकरणं बाहेर बाकड्यावर बसलेल्या आईबापांनीही वाचावीत.

हे पनवेलहून लिहिलं जातंय, यालाही अर्थ आहे. कोकणात उतरणारा राष्ट्रीय महामार्ग 66 इथूनच सुरू होतो, पुण्याकडून येणारा द्रुतगती मार्ग कळंबोलीला संपतो आणि कोकण रेल्वेच्या गाड्या इथे थांबतात. मुंबईच्या मोठ्या इस्पितळांकडे निघालेली आजारी माणसं पनवेलवरून पुढे जायची, हे मी लहानपणापासून पाहिलं. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी 1968 च्या फेब्रुवारीत हृदयरोपणाचा प्रयत्न केला, तेव्हा हृदयाची शस्त्रक्रिया म्हणजे परळ, हेच समीकरण होतं. आज पनवेल तालुक्यातल्याच खारघरला श्री सत्य साई संजीवनी हे लहान मुलांच्या हृदयरोगाचं रुग्णालय उभं आहे. तिथे मुलांच्या शस्त्रक्रिया पूर्ण मोफत होतात. सुनील गावसकरांनी 2019 साली आपल्या सत्तराव्या वाढदिवशी तिथल्या 35 मुलांच्या शस्त्रक्रियांचा भार उचलण्याचं जाहीर केलं. 34 कसोटी शतकं आणि एकदिवसीय सामन्यातलं एक, म्हणून 35. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरहून सुरू झाल्यापासून अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी होऊन ‘छातीत आवाज येतो’ अशी चिठ्ठी घेऊन येणारी मुलंही वाढली. ठाकरवाडीतलं, कातकरी वाडीतलं जे मूल पूर्वी ‘रडलं की निळं पडतं’ एवढ्यावरच सोडून दिलं जायचं, ते आता टेबलापर्यंत पोचतं. त्यानं जिवंत घरी जावं ही पहिली इच्छा. ते होतं तसंच, त्याच बुद्धीनं आणि त्याच खोडकरपणानं घरी जावं, ही दुसरी. या पुस्तिकेचा विषय ही दुसरी इच्छा आहे.

मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के, पण ऑक्सिजन खातो सुमारे 20 टक्के. साठा करून ठेवण्याची त्याला सवय नाही. रोजचं आणून रोजचं खाणारं हे घर. रक्त थांबलं तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाते, आणि शरीर नेहमीच्या तापमानाला असेल तर चार-पाच मिनिटांत कायमची इजा सुरू होते. हृदयाची शस्त्रक्रिया करायची म्हणजे नेमकं या घराला रक्त पुरवणारा पंपच बंद करून उघडायचा. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशिनवर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, तेव्हा त्या यंत्रानं 26 मिनिटं एका तरुणीचं हृदय आणि फुप्फुस दोन्हींचं काम केलं. आज हे यंत्र तासन्‌तास चालतं, आणि ते चालवणारा परफ्युजनिस्ट हा माझ्या मते ओटीतला सर्वांत कमी ओळखला गेलेला माणूस आहे.

“ऑन बायपास”, म्हणजे रक्ताभिसरण आता त्या यंत्रावर, असे शब्द कानावर पडतात आणि ओटीतला एक आवाज नाहीसा होतो. त्या क्षणापर्यंत बोटाच्या ऑक्सिमीटरचा टुक-टुक आवाज सगळ्यांच्या कानात असतो. त्याचा सूर जरा उतरला तरी आमची मान वळते. हा ऑक्सिमीटर 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या ताकुओ आओयागी यांनी सुचवला. त्याची सगळी करामत नाडीवर उभी आहे: ठोक्याबरोबर जे हलतं तेच धमनीचं रक्त, असं मानून तो मोजतो. बायपासवर पंपाचा प्रवाह जवळजवळ सलग असतो. ठोका नाही, म्हणून आकडाही नाही. मॉनिटरवर सरळ रेघ येते. म्हणजे मेंदूला सर्वांत जास्त धोका असलेल्या वेळी आपला सर्वांत ओळखीचा पहारेकरी झोपी जातो. मधूनमधून रक्त काढून तपासता येतं, पंपाच्या नळीतल्या रक्ताचं सॅच्युरेशन बघता येतं, पण ते सगळ्या शरीराचं मिळून झालं. मेंदूचं काय?

इथे कपाळावरची पट्टी येते. आम्ही तिला ‘निर्स’ म्हणतो. पूर्ण नाव निअर इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी. नाव भारदस्त आहे, पण तत्त्व लहानपणी प्रत्येकानं करून पाहिलेलं. रात्री लाइट गेल्यावर टॉर्चवर हाताचा पंजा ठेवा. बोटांच्या कडा लालबुंद दिसतात. हिरवा-निळा प्रकाश मांसात अडकतो, लाल पार जातो, आणि लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा त्याहून खोल जातो. हाडही त्याला फारसं अडवत नाही. ड्यूक विद्यापीठातल्या फ्रान्स यॉब्सिस यांनी 1977 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे मांडलं, की या प्रकाशानं जिवंत मेंदूतला ऑक्सिजन कवटी न उघडता बाहेरून पाहता येतो. ऑक्सिजन घेतलेलं रक्त लालभडक आणि ऑक्सिजन सोडलेलं काळसर, हा फरक आपल्या डोळ्यालाही दिसतो. 730 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश काळसर रक्त जास्त गिळतं. 810 च्या आसपास दोन्ही रक्तं सारखाच गिळतात. किती पाठवला आणि किती परत आला, यावरून दोघांचं प्रमाण निघतं.

कपाळाची कातडी आणि कवटी यांच्यातलं रक्त मध्ये येणार, मग मेंदूचं वेगळं कसं काढायचं? पट्टीवर प्रकाशाच्या उगमापासून दोन अंतरांवर दोन डोळे असतात. मोठ्या माणसाच्या पट्टीत ही अंतरं साधारण 3 आणि 4 सेंटिमीटर. प्रकाश आत जाऊन वळून परत येतो, त्याचा मार्ग केळ्यासारखा वाकडा. जवळच्या डोळ्याला उथळ केळं दिसतं, लांबच्याला खोल. खोलातून उथळ वजा केलं की उरतो तो मुख्यतः मेंदूच्या पृष्ठभागाचा हिशोब. नाडीची गरज नाही. पंप सलग चालो की हृदय पूर्ण थांबलेलं असो, आकडा येत राहतो.

आया विचारतात, टाळूवर का नाही लावत, टाळू तर मऊ असते? तिथे केस असतात, आणि केस प्रकाश खातात. कपाळ मोकळं, म्हणून कपाळ. तेही पुसून कोरडं करावं लागतं. दृष्ट लागू नये म्हणून आईनं लावलेली काजळाची तीटसुद्धा पुसावी लागते. काळं काजळ त्या प्रकाशाच्या आड येतं. ओटीच्या दारात ती तीट पुसताना आमच्या सिस्टर आईला आधी विचारतात. ही पद्धत कुठल्या पुस्तकात नाही. या पुस्तिकेत ती आली, याचा मला फार आनंद आहे.

एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण या पट्टीबद्दल माझी खात्री त्या दिवशी झाली. सहा महिन्यांचं बाळ, वजन 5 किलो. एवढ्या बाळात सगळं मिळून 400 मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं, दोन चहाच्या पेल्यांइतकं. वरची आणि खालची अशा दोन महाशिरांत नळ्या घालून बायपास सुरू झाला. कपाळाचा आकडा 72. क्लॅम्प लागला, हृदय थांबलं, सर्जन आत शिरले. काही मिनिटांनी 66 दिसले. मग 60. धमनीचा दाब जिथे हवा तिथे, पंपाचा प्रवाह पूर्ण, रक्ताचा रिपोर्ट चांगला. 55. मी पट्टीवर संशय घेतला. कापडाखाली हात घालून ती दाबली, केबल काढून पुन्हा लावली. 51. परफ्युजनिस्ट म्हणाला, “मॅडम, वरून रिटर्न थोडा कमी येतोय.” तेव्हा कुठे मी चादर उचलून बाळाचं तोंड पाहिलं. पापण्या सुजल्या होत्या, गाल जांभळे पडले होते. मानेतल्या शिरेचा दाबही एव्हाना वर गेला होता. तोही त्याच मॉनिटरवर होता, आणि माझी नजर तिकडे गेली नव्हती. वरच्या महाशिरेतली नळी पुढे सरकून अडकली होती. डोक्यात रक्त जात होतं, पण परत यायला वाट नव्हती. आणि साचलेल्या घरात नवं रक्त शिरणार कसं? सर्जननी नळी सेंटिमीटरभर मागे घेतली. 54. 61. 70. दोन मिनिटांत बाळाच्या गालांचा रंग परत आला.

पट्टी दाबण्यात आणि केबल तपासण्यात माझी दीड-दोन मिनिटं गेली. बाळ छान आहे. पण ती मिनिटं मी विसरलेली नाही. म्हणून या पुस्तिकेतलं चौथं प्रकरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आकडा स्वतःच्या मूळ आकड्यापेक्षा 20 टक्क्यांनी घसरला, किंवा 50 च्या खाली गेला, तर यंत्राशी भांडत बसू नका. आधी पेशंटकडे बघा. मान वळली आहे का? नळ्या जागेवर आहेत का? चेहरा सुजला आहे का? मग दाब. मग कार्बन डायऑक्साइड, कारण तो फार कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि सगळं बाकी ठीक असूनही मेंदू उपाशी राहतो. मग हिमोग्लोबिन: पंपाच्या नळ्या भरायला द्रव लागतो आणि लहान बाळाचं रक्त त्यानं पातळ होतं. बाजाराच्या भाषेत सांगायचं तर खिशात कमी उरले याची कारणं तीनच: निघताना कमी घेतले, जाणारी माणसंच कमी झाली, किंवा बाजार महागला. ताप चढणं, भूल उतरणं, झटका येणं म्हणजे बाजार महागणं. म्हणूनच आम्ही शरीर थंड करतो. तापमान एका अंशानं उतरलं की मेंदूची भूक साधारण 6 ते 7 टक्क्यांनी कमी होते. महाधमनीच्या कमानीवर काम करताना 18 अंशांपर्यंत थंड करून रक्ताभिसरण काही काळ पूर्ण थांबवावं लागतं, त्या वेळी ओटीत कोणी मोठ्यानं बोलत नाही आणि सगळ्यांचे डोळे त्या एका आकड्यावर असतात.

आता या यंत्राबद्दल जे खटकतं तेही सांगायला हवं, कारण भक्तीनं वाचलेला आकडा न वाचलेल्यापेक्षा घातक असतो. पट्टी कपाळामागच्या मेंदूचा छोटा तुकडा पाहते. मागच्या बाजूला, लहान मेंदूत काय चाललंय हे तिला कळत नाही. एखादी बारीक गुठळी किंवा हवेचा बुडबुडा दुसरीकडे जाऊन अडकला, तर आकडा हलणारही नाही. काविळीचं पिवळेपण आणि कातडीचा गडद रंग मोजणीत ढवळाढवळ करतात. 2020 साली अमेरिकेतल्या अभ्यासानं बोटाचा ऑक्सिमीटर काळ्या रुग्णांत जास्त वेळा फसतो हे दाखवलं, आणि कपाळाच्या यंत्राबद्दलही तसंच आढळलं आहे. आपल्याकडे गोऱ्यापासून सावळ्यापर्यंत सगळ्या छटा एकाच घरात असतात, तेव्हा हे विसरून चालणार नाही. निळ्या बाळाचा सुरुवातीचा आकडाच पन्नाशीत असू शकतो. म्हणून शेजारच्या पलंगाशी तुलना नको. भूल देण्याआधी ज्याचा त्याचा मूळ आकडा कागदावर लिहा. आणि चढता आकडा म्हणजे नेहमी शुभ, असंही नाही. बाजारात कोणी खरेदीच केली नाही, तर खिसा भरलेलाच परत येतो. मेंदूच्या पेशी काम थांबवतात तेव्हाही आकडा चांगला दिसू शकतो. मृतदेहांवर पट्टी लावल्यावरसुद्धा आकडे आल्याची नोंद आहे.

मोठ्या माणसांत फायदा किती, यावर अजून वाद चालू आहे. कॅनडात जॉन मर्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या 200 रुग्णांचा अभ्यास छापला. आकडा घसरताच ज्यांच्यावर उपाय केले, त्यांच्यात मोठ्या अवयवांची गंभीर इजा कमी दिसली. नंतरच्या सगळ्या अभ्यासांनी इतकी स्पष्ट साक्ष दिली नाही. मी दोन्ही बाजू वाचल्या आहेत आणि तरीही पट्टीच्या बाजूनं आहे. त्याला एक माणूस कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, आमच्याकडे हे यंत्र नव्हतं. पनवेलच्या बाजारातले एक किराणा दुकानदार, बायपास उत्तम झालेला. दीड महिन्यानं दाखवायला आले. जिना चढतात, जेवतात, छाती दुखत नाही. उठता उठता त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “सगळं बरं आहे हो, पण आता ते हिशोब कागदावर करतात.” तीस वर्षं तोंडी बेरजा करणारा माणूस. तो मान खाली घालून बसला होता. वर्षभरात बरंचसं परत आलं, आणि ते नेमकं कशानं गेलं होतं हे मी सांगू शकत नाही. वय, मधुमेह, बारीक गुठळ्या, काहीही असेल. पण शस्त्रक्रियेच्या त्या सहा तासांत त्यांच्या मेंदूची अवस्था काय होती याची एक ओळही आमच्या कागदांवर नव्हती. रक्तदाब दर पाच मिनिटांनी लिहिलेला, लघवी मिलिलिटरमध्ये लिहिलेली, आणि ज्या अवयवात तो माणूस राहतो त्याच्याबद्दल पान कोरं.

मुलांचं तर आणखी नाजूक. मोठ्या माणसाच्या लक्षात येतं की आपलं काही हरवलं. सहा महिन्यांच्या बाळाचं हरवलेलं कोणालाच दिसत नाही. ते दिसतं पहिली-दुसरीत, जेव्हा बाई म्हणतात की मुलगा लक्ष देत नाही. बोस्टनच्या डॉक्टरांनी जन्मतः मुख्य धमन्यांची अदलाबदल असलेल्या 171 बाळांना शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षं गाठून त्यांच्या चालण्या-बोलण्याची, अभ्यासाची तपासणी केली, तेव्हा जगाला कळलं की टेबलावरच्या मिनिटांची किंमत शाळेच्या बाकावर मोजली जाते. असा पाठपुरावा रायगड जिल्ह्यातल्या मुलांचा व्हावा, ही माझी फार जुनी इच्छा आहे.

पट्टी एकदाच वापरायची असते आणि ती हजारो रुपयांची आहे. सरकारी आरोग्य योजनेतल्या ठरीव रकमेत ती बसवायची म्हणजे दुसरं काहीतरी छाटावं लागतं. एक पट्टी पुसून दुसऱ्यांदा लावणारी ठिकाणं मी पाहिली आहेत. गोंद सुकतो, कडेनं ओटीचा प्रकाश आत शिरतो आणि आकडा खोटं बोलू लागतो. अशी पट्टी लावण्यापेक्षा न लावलेली बरी. निदान लहान बाळं, कमानीची शस्त्रक्रिया, आणि मानेच्या रक्तवाहिन्या अरुंद असलेले रुग्ण यांना तरी नवी पट्टी मिळालीच पाहिजे, आणि योजनेच्या यादीत तिचं नाव वेगळं लिहिलं गेलं पाहिजे.

माणगावच्या त्या मुलीची पट्टी तिसऱ्या दिवशी निघाली. सिस्टरनी कोमट पाण्याचा बोळा लावून सावकाश सोडवली. कपाळावर चौकोनी लालसर वळ राहिला होता. वडील वाकून बघत राहिले. शेवटचा आकडा 71 होता हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. आईनं पिशवीतून डबी काढली, करंगळी आत बुडवली आणि सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी मान हलवल्यावर तिनं त्या चौकोनाच्या बरोबर मधोमध काजळाची तीट लावली. मुलीनं हात वर नेऊन ती लगेच फासून टाकली आणि आईकडे बघून हसली.